खाजणातली राखण

पाखरं हाकायचं काम आक्काला दुसऱ्यांदा मिळालं तेव्हा तिची पंच्याहत्तरी उलटून गेली होती आणि राखायला भात उरलं नव्हतं.

काम दिलं तिच्या मुलानेच. हिरामण सकाळी चहाच्या बशीवर वाकून म्हणाला, "आये, उद्यापासून खाजणात बसशील का? पाखरं टेकू द्यायची न्हाईत."

"भात हाय कुठं?"

"भात न्हाय. पाखरं हायेत."

आक्काला यात विचित्र काही वाटलं नाही. भात गेलं, मिठागरं गेली, खाडीतला जिताडा मासा गेला, तिचा नवरा लडकू गेला. पाखरं तेवढी नेमाने यायची. थंडी पडली की यायची आणि शिमग्याच्या सुमारास जायची. जायच्या आधी, लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसासारखी, दिवसभर पोटं भरत बसायची. आता तेच दिवस होते.

काल्हेरच्या खाडीला लागून त्यांचं खाजण होतं, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेली भातजमीन. पिकवणारे हात गोदामांच्या नोकरीला लागले, बांधाची डागडुजी थांबली, आणि भरतीचं पाणी आत येऊन राहिलं. आता तिथे चिखल होता. तीन बाजूंना पत्र्याचे गाळे उभे होते आणि त्यांत अख्ख्या मुंबईचे साबण, बूट आणि तान्ह्या पोरांचे लंगोट भरून ठेवलेले असत. चौथ्या बाजूला खाडी होती. हिरामणला चिखलावर भराव टाकून गाळा बांधायला द्यायचा होता. मात्र दर रविवारी ठाण्याहून पाखरं बघणारी माणसं यायची. डोक्याला टोप्या, गळ्यात दुर्बिणी, बोलणं कुजबुजत. जिथे परदेशी पाखरं फार दिसतात तिथे सरकार भराव टाकू देत नाही, असं गावात कुणीतरी म्हणालं होतं. खरं की खोटं, कुणी विचारायला गेलं नाही. विचारायला गेलं की सरकारला कळेल, अशी हिरामणला भीती.

"पाखरूच दिसलं न्हाय तर ती लोकं येतील कशाला?" हिरामण म्हणाला. "आणि तुझ्यासारखी हाकणारी गावात दुसरी कोण हाय?"

हे खरं नव्हतं. दुसरी होती. पण तिचं नाव या घरात घ्यायचं नव्हतं.

तिचं नाव हौसा. आक्काची धाकटी जाऊ, लडकूचा भाऊ नवशा याची बायको. आक्का लग्न होऊन आली आणि पुढच्या वर्षी हौसा आली. दोघींनी मिळून याच खाजणात माळ्यावर बसून भात राखलं होतं. एकीने गोफण फिरवायची, दुसरीने पत्र्याचा डबा बडवायचा, आणि मधल्या वेळात सासूबद्दल बोलायचं. सासूबद्दल बोलायला तिथे भरपूर जागा होती. घरात नव्हती.

दोघींचे नवरे गेले. मग जमिनीची मोजणी आली. बांध कुणाच्या हद्दीत यावरून हिरामण आणि हौसाचा मुलगा केसरीनाथ बांधावरच एकमेकांच्या गळ्याला भिडले. हिरामण घरी आला, देवासमोर नारळ ठेवला आणि म्हणाला, "त्या घराशी जो बोलेल त्याने माझं मेलेलं तोंड बघावं." केसरीनाथनेही त्याच्या घरी तसंच केलं, असं ऐकू आलं. दोन बंगल्यांच्या मधे भिंत उभी राहिली आणि भिंतीवर काचा बसल्या.

आक्काची आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. तिसरा हिरामण, नवसाचा. आता त्याचं पोट सुटलं होतं आणि त्याला साखरेच्या गोळ्या चालू होत्या, तरी तो नवसाचाच होता. त्याची आण मोडायची म्हणजे काय, ते तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. गेल्या वर्षी हौसाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गाडीतून तिला उतरवताना आक्काने खिडकीतून पाहिलं. काठी कुठल्या हातात आहे ते पाहिलं. हौसाचं तोंड वाकडं झालेलं पाहिलं. विचारता मात्र आलं नाही.

तर आक्का खाजणात बसू लागली. प्लॅस्टिकची खुर्ची, छत्री, पाण्याची बाटली, स्टीलचा डबा आणि उलथणं. सून वैशालीने उन्हाची टोपी दिली होती. ती आक्काने छत्रीच्या मुठीला अडकवून ठेवली.

पाखरं पुष्कळ होती. लाल काडीसारख्या पायांचे शेकाटे होते. चिखलात चोच खुपसत धावणाऱ्या छोट्या तुताऱ्या होत्या. पाण्यात बदकं होती आणि कडेला बारमाही बगळे. आक्काने डबा बडवला. सगळी उठली, एक गिरकी मारली आणि बांधापलीकडे केसरीनाथच्या चिखलात उतरली. आक्का समाधानाने बसली. काम चोख झालं होतं.

रविवारी टोपीवाले आले. त्यांनी आक्काच्या चिखलाकडे पाहिलं, नाराज झाले, आणि केसरीनाथच्या चिखलाकडे वळून दुर्बिणी लावल्या. तिथून ते जेवायच्या वेळेपर्यंत हलले नाहीत.

सोमवारी सकाळी बांधापलीकडे एक खुर्ची आली. हिला हात टेकायलाही जागा होती. मागून काठी टेकत हौसा आली. तिच्या काखेत पितळेची परात होती.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि लगेच खाडीकडे पाहिलं. हौसाने परात बडवली. पाखरं उठून आक्काकडे आली. आक्काने डबा बडवला. पाखरं हौसाकडे गेली. दुपारपर्यंत असंच चाललं. पाखरांनी एवढे प्रवास केले असतील, पण इतका निरर्थक प्रवास केला नसेल.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी हौसा खुर्चीतून उठताना अडखळली आणि काठीवर सावरली. आक्काच्या हातातलं उलथणं थांबलं. समोर एक शेकाटा एका पायावर उभा होता.

"ए लांबटांगे!" आक्का त्याच्यावर ओरडली. "गुडघा कसा हाय गो तुझा?"

शेकाट्याने मान वळवली. त्याचे दोन्ही गुडघे उत्तम होते.

बांधापलीकडे परात गप्प झाली. मग हौसाने तिच्या बाजूच्या एका बगळ्याकडे काठी रोखली.

"डाक्तर बोलतो, गुडघा नवीन हाय. मी बोलतंय, नवीन हाय तर जुन्यासारखा दुखतो कसा रे, बगळ्या?"

बगळ्याचं लक्ष चिखलातल्या एका निवटी माशावर होतं.

"तेल लाव म्हणावं!" आक्का शेकाट्याला म्हणाली. "लसूण जाळून तेल लाव."

"लावतंय. सून बोलते, वास येतो."

"सुनेला सांग, वास आला म्हंजे माणूस जिवंत हाय."

त्या रात्री आक्का देवासमोर जरा जास्त वेळ बसली. हिरामणने जेवून ढेकर दिला, मोबाइल पाहिला आणि घोरत पडला. सकाळी तो ठणठणीत उठला. म्हणजे पाखराशी बोललेलं देवाने धरलं नव्हतं.

मग नियम आपोआप ठरले. एकमेकींकडे बघायचं नाही. नाव घ्यायचं नाही. आधी पाखराला हाक मारायची, मगच पुढचं. देवाला फसवायचं कुणाच्याच मनात नव्हतं. देवाने आखलेल्या रेघेच्या आत बसायचं होतं, एवढंच. गावात अबोल्यातल्या बायका कोंबडीला बोलून शेजारणीला ऐकवतात, तो जुनाच रिवाज. फक्त तो आजवर शिव्यांसाठी वापरात होता.

शिव्याही झाल्या म्हणा.

"ए तुतारे," एक दिवस हौसा म्हणाली, "माझी सुकटाची टोपली उन्हात ठेवली होती, केसरीनाथच्या वेळेला मी बाळंतीण होते तवा. ती कुणी खाल्ली गो?"

"मांजराने," आक्काने आपल्या तुतारीला सांगितलं.

"मांजराने लसणाची चटणी वाटून घेतली होती का?"

आक्काने डबा बडवला. तुताऱ्या उडाल्या, त्यामुळे तो विषय तिथेच थांबला.

बोलणी लांबत गेली. हौसाची नात हेमाली बंगळूरला कामाला लागली होती आणि फोनवर तोंड दाखवायची, पण नेमकी जेवताना. आक्काची नात मृणाली लग्नाला तयार नव्हती आणि तिला कुणी विचारतही नव्हतं, तरी घरात रोज त्यावर भांडण. वैशालीने ओव्हन घेतला होता आणि त्यात ती टॉवेल ठेवायची. सासूचंही निघालं. सासूला जाऊन चाळीस वर्षं होत आली होती, तरी दोघींचं तिच्याबद्दलचं बोलणं संपलं नव्हतं.

रस्त्याकडेला एक ट्रक उभा असायचा. त्याचा ड्रायव्हर गाळ्याचा नंबर लागेपर्यंत टायरच्या सावलीत बसून हे ऐकायचा. एकदा तो जवळ आला.

"अम्मा, आप दोनों किससे बात करती हैं?"

"पाखरांशी," आक्का म्हणाली. "चिड़िया."

"और वो जवाब देती हैं?"

"वो क्या देंगी," आक्काने बांधाकडे न बघता म्हटलं. "उनको टाइम किधर है."

ड्रायव्हरने मान हलवली. त्याला पटलं असावं.

इकडे पाखरांना डब्याची आणि परातीची सवय झाली. आवाज झाला की ती आधी उठायची, मग नुसती मान वर करायची, मग तेही सोडून दिलं. शिवाय दोघी हल्ली बडवायच्याही कमी. बोलताना हात चालत नाही. थोड्याच दिवसांत बांधाच्या दोन्ही अंगांना एवढी गर्दी झाली की रविवारचे टोपीवाले मित्रांना घेऊन आले. त्यांतली एक बाई आक्काजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "आजी, तुम्ही असलात की ती इतकी निर्धास्त चरतात. तुम्ही काही खास आवाज काढता का?"

"मी हाकतंय त्यांना," आक्का म्हणाली.

बाई हसली. म्हाताऱ्या माणसांची विनोदबुद्धी तिला आवडत असावी.

"पोटभर खाऊ द्या बरं का. आता जातीलच ती. शिमग्याच्या आगेमागे एखाद दिवशी बघाल, एकही नसेल. पार सैबेरियाकडे जातात त्यांतली कित्येक."

"एकही न्हाय?"

"बगळे राहतील हो. बाहेरची सगळी जातील."

आक्काला हे ठाऊक होतंच. जन्मभर ठाऊक होतं. पण भात राखणाऱ्या बाईला पाखरू गेलं म्हणून वाईट वाटायची पाळी कधी आली नव्हती. त्या दुपारी तिने डब्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी घरातून मूठभर भात आणून तिने चिखलात फेकला. तुताऱ्या भाताला वळसा घालून पुढे गेल्या आणि किडे खाऊ लागल्या.

"इतक्यात जाऊ नका गो," ती त्यांना म्हणाली.

"जाऊ नका," हौसाही म्हणाली. तिने कुठल्या पाखराकडे बघितलंही नाही.

हिरामणच्या कानावर गर्दीची बातमी गेली. "आये, तू पाखरं हाकतंस का पाळतंस?"

"ओरडतंय की दिवसभर. विचार कुणालाबी."

"विचारलं. लोकं बोलतात तू ओरडतंस, पण ती उठत न्हाईत."

"म्हातारी झाली असतील."

हिरामणने सुतळी बॉम्बचा खोका आणून दिला. आक्काने तो चिखलाच्या कडेला ठेवला. भरती आली आणि घेऊन गेली.

होळी झाली. गावात रात्रभर बेंजो वाजला. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी आक्का खाजणात आली तेव्हा चिखल सपाट होता. त्याच्यावर बारीक पावलांच्या नक्ष्या होत्या आणि पावलं नव्हती. शेकाटे नाहीत, तुताऱ्या नाहीत, बदकं नाहीत. बगळेसुद्धा पलीकडच्या भरावाच्या ट्रकांमागे किडे टिपायला गेले होते.

हौसा आधीच येऊन बसली होती. परात मांडीवर पालथी.

आक्का खुर्चीत बसली. बोलायला खूप होतं. होळीच्या पुरणात जायफळ जास्त पडलं होतं. मृणालीने एका मुलाचा फोटो दाखवला होता आणि लगेच मोबाइल बंद केला होता. हे कुणाला सांगायचं? तिने आभाळ पाहिलं, खाडी पाहिली, गाळ्यांचे पत्रे पाहिले. उडणारं काहीच नव्हतं.

बऱ्याच वेळाने एक कावळा बांधावर येऊन बसला.

दोघींची मान एकदम वळली आणि एकदमच खाली गेली. कावळ्याचा उपयोग नव्हता. कावळा म्हणजे बाहेरचं पाखरू नाही. कावळा म्हणजे घरातून गेलेलं माणूस, श्राद्धाला ज्याच्यासाठी पान वाढून ठेवायचं ते. त्यात हा मान वाकडी करून, एक डोळा बारीक करून बघत होता. लडकू असाच बघायचा, विशेषतः भाजीत मीठ कमी असलं की.

आक्काला तरी काय, नवराच तो. तिने घसा खाकरला.

"बरं हाय का?" ती कावळ्याला म्हणाली. "पाखरं गेली बघा. तुमच्या भावाच्या घरी सांगा, पुरण बिघडलं माझं."

हौसाने पदर डोक्यावरून पुढे ओढला होता आणि मान खाली घातली होती. लडकू तिचा थोरला दीर. तो जिवंत असताना ती त्याच्यासमोर एक शब्द कधी बोलली नव्हती. तो आला की पदर डोक्यावर आणि तोंड बंद. आता मेल्यावर ती रीत मोडावी असं काही घडलं नव्हतं.

"जरा सरका तुम्ही," आक्का कावळ्याला म्हणाली. तो सरकला नाही.

दोघी तशाच बसून राहिल्या. एक बोलू शकत होती पण तिला उत्तर नव्हतं. दुसरीजवळ उत्तर असेलही, पण ते पदराआड होतं. आक्काला वाटलं, आता हे असंच. पुढच्या थंडीपर्यंत. आणि पुढच्या थंडीला आपण दोघी असू, चिखल असेल, असं कुणी लिहून दिलेलं नाही.

तेवढ्यात रस्त्याकडून हिरामणची पांढरी गाडी आली. ड्रायव्हरच्या बाजूने हिरामण उतरला. दुसऱ्या बाजूने केसरीनाथ उतरला. मागून टेप घेतलेला एक माणूस उतरला. केसरीनाथ काहीतरी म्हणाला आणि हिरामण पोट धरून हसला.

आक्का खुर्चीतून उठली. हिरामण बांधावरून तिच्याकडे आला.

"आये, घरी चल आता. पाखरं गेली न? काम झालं."

"तो कोण हाय तुझ्याबरोबर?"

"केसरीनाथ. वळखला न्हाय?"

"तू बोललास त्याच्याशी."

"बोलावं लागतं गो. गाळेवाल्या शेठला दोन्ही जमिनी एकत्र पाहिजेत. एकेकीत कंटेनर वळत न्हाय. बांध काढून टाकायचा, झालं."

"कवापासून बोलतंस?"

हिरामणने आठवलं. "शिवरात्रीपासून."

"मना सांगितलं न्हाय."

"तू पाखरांत होतीस."

आक्काने त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. मग तिने त्याचं मनगट धरलं आणि नाडी लागेपर्यंत सोडलं नाही. नाडी चांगली जोरात चालली होती.

"काय करतंस आये? लोकं बघतात."

"आणि आण?"

"कुठली आण? ती व्हय!" हिरामणने मनगट सोडवून घेतलं. "धंद्याचं बोलणं त्यात धरत न्हाईत. ती तुम्हा बायकांसाठी होती, भांडणं वाढू नयेत म्हणून."

आक्का त्याच्याकडे बघत राहिली. शिवरात्रीपासून हा रोज त्या घराशी बोलत होता, हसत होता, बहुतेक त्यांच्याकडे बसून खातही होता, आणि मेला नव्हता. त्याला साधं पडसंही झालं नव्हतं. तिने त्याच्या डोळ्यांखालची कातडी ओढून पाहिली. तीही चांगली होती.

मग ती वळली आणि बांधावर चढली. चढताना हात द्यायला हिरामण पुढे झाला, तो तिने घेतला नाही.

"हौसे," ती म्हणाली. हे नाव मोठ्याने उच्चारून किती वर्षं झाली होती! जीभ जरा अडखळली. "हौसे, तुझ्या परातीने डोकं उठवलंस माझं. फुटकी हाय ती. कुणाच्याबी कानाला कळेल."

पदराच्या आतून हौसाने डोळ्यांनीच कावळ्याकडे खूण केली.

आक्काने कमरेवर हात ठेवले. "अहो, तुम्ही जा आता. बायकांचं बोलणं हाय."

कावळ्याने मान दुसऱ्या बाजूला वाकडी केली. जिवंत असतानाही लडकू सांगून कधी उठला नव्हता. आक्का वाकली, चिखलाचा एक गोळा उचलला आणि नेम धरून फेकला. नेम चुकला. कावळा सावकाश उठला, कुणी सांगितलं म्हणून नव्हे तर आपल्याच मर्जीने, आणि जाऊन गाळ्याच्या पत्र्यावर बसला.

हौसाने पदर खाली घेतला.

"फुटकी असली म्हणून काय झालं," ती म्हणाली. "तुझा डबा वाजत होता का? खोकत होता. बस हितं. एवढ्या लांबून ओरडून माझा घसा गेला. जायफळ किती टाकलंस?"

"अख्खं."

"अख्खं कोण टाकतं?"

"चष्मा न्हवता."

आक्काने आपली खुर्ची ओढून आणली आणि बांधावर हौसाच्या खुर्चीला टेकून ठेवली. दोघी बसल्या. खाली केसरीनाथ आणि हिरामण हात दाखवून कंटेनर कुठून वळेल ते ठरवत होते. हिरामणने दोनदा हाक मारली. ती कुणाला ऐकू गेली नाही. तोवर मृणालीच्या मोबाइलमधल्या मुलापर्यंत बोलणं आलं होतं, आणि तो मुलगा राहनाळ गावचा निघाला तर त्याच्या आजीला हौसा ओळखत असण्याची शक्यता होती.

टेपवाला बांधावरून मापत मापत त्यांच्यापर्यंत आला आणि थांबला.

"आजी, खुर्च्या जरा सरकवता का?"

"कुठं?" हौसाने विचारलं.

त्याने एका बाजूचा चिखल पाहिला, दुसऱ्या बाजूचा चिखल पाहिला, गाळे पाहिले. मग टेप उचलून धरली आणि दोघींच्या पाठीमागून नेली.